धनुष्यासाठी ओले लाकूड वाळविण्याविषयी

आपले धनुष्य आपल्याच हाताने घडवावे अशी इच्छा धरून जो कोणी या कामाला प्रवृत्त होतो, त्याची पहिली पृच्छा बहुधा लाकडाच्या जातीविषयी असते. कोणते झाड, कोठले झाड, किती वयाचे झाड, याची तो तपशीलवार चौकशी करतो, आणि झाड एकदा हाती लागले म्हणजे पुढचे काम केवळ वाकस-रंध्याचे आहे असे गृहीत धरून चालतो. वास्तविक पाहता झाड भुईवर आडवे झाल्यापासून त्याच्या दांड्याला पहिला बाक देईपर्यंतचा जो मधला काळ, त्याच काळात धनुष्याचे भवितव्य मुख्यतः ठरत असते. उत्तम जातीचे परंतु घाईने सुकविलेले लाकूड दोर चढताच तडकते, किंवा एकदा वाकले की वाकलेलेच राहते. उलट त्याहून कमी प्रतीचे, पण शिस्तीने वाळविलेले लाकूड वर्षानुवर्षे इमानाने चाकरी करते. या मधल्या काळाचे शास्त्र थोडक्यात सांगावयाचे तर ते असे, की आरंभीच्या आठवड्यांत लाकडातील पाण्याला अडवावयाचे असते आणि अखेरच्या आठवड्यांत त्याला घालवावयाचे असते. नवशिका मनुष्य नेमके याच्या उलट वागतो: ओला दांडा पहिल्याच दिवशी उन्हात टाकतो, आणि लाकूड वरवर कोरडे दिसू लागताच, आतला ओलावा कायम असताना, त्याला वाकवावयास घेतो.

आपल्या प्रांतात या कामासाठी माझी पहिली पसंती धामणीला आहे. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या पानझडी जंगलांत आढळणारे हे झाड आपल्या लवचीकपणाबद्दल व चिवटपणाबद्दल फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. कावडीच्या काठ्या, गाड्यांच्या दांड्या आणि हत्यारांचे दांडे यांसाठी त्याचे लाकूड मुद्दाम शोधून आणीत, आणि त्याच्या अंतर्सालीचा दोरही वळीत. दुसरी पसंती अर्थात वेळूला, ज्याचा तीरकामठा सातपुड्यातील भिल्लांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत; त्यांपैकी लाकूड आणि वेळू ही दोनच आजच्या हौशी कारागिराच्या आवाक्यातील आहेत, आणि वाळविण्याच्या दृष्टीने या दोहोंचे स्वभाव इतके भिन्न आहेत की त्यांचा विचार वेगवेगळाच करावा लागतो. प्रथम लाकडाचा करू.

झाडावर कुऱ्हाड पडण्यापूर्वी कायद्याची बाजू निर्वेध करून घ्यावी. वनखात्याच्या हद्दीतील झाडाला परवान्यावाचून हात लावता येत नाही हे सर्वश्रुत आहे. परंतु स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरील कित्येक जातींची झाडे तोडण्यासही महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड-नियमनाच्या कायद्यान्वये परवानगी लागते, याची जाणीव पुष्कळांना नसते. तेव्हा सातबारा पाहून आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात रीतसर चौकशी करूनच पुढे जावे. वास्तविक धनुष्यासाठी मोठा वृक्ष पाडण्याची आवश्यकताच नसते. बुंध्यापासून फुटलेला, मनगटाहून थोडा जाड असा एखादा सरळ सोट, किंवा वाट मोकळी करण्यासाठी तोडलेल्या झाडाचा सहज मिळालेला तुकडा पुरतो, आणि ज्याच्या मनात जंगलाविषयी ममत्व आहे त्याने याहून अधिकाची अपेक्षाही करू नये.

सोट निवडताना सालीकडे बारकाईने पाहावे. सालीवरच्या रेषा खालून वर सरळ गेल्या असतील तर आतील तंतूही सरळ असण्याचा संभव पुष्कळ असतो. त्याच रेषा खोडाभोवती वळसा घेत चालल्या असतील, तर फोडल्यावर दांड्याला पीळ पडलेला दिसेल आणि वाळताना तो पीळ वाढेल. आडव्या किंवा कलत्या फांदीचा मोह टाळावा, कारण पानझडी झाडाच्या कलत्या भागात वरच्या अंगाला ताण सोसण्यासाठी निराळ्या घडणीचे लाकूड तयार होते, आणि ते वाळताना लांबीतही आकसत असल्यामुळे दांडा वेडावाकडा होतो. आठ ते दहा सेंटिमीटर व्यासाचा, दाट झाडीत उजेडाच्या ओढीने सरळ वर गेलेला आणि गाठी नसलेला सोट मिळाला तर समाधान मानावे. लांबी, धनुष्याची योजलेली लांबी अधिक एक वीत, इतकी ठेवावी. टोकांकडचा तो जादा भाग भेगांच्या स्वाधीन करावयाचा असतो, तो वाया गेला असे समजू नये. सुमारे सत्तर सेंटिमीटर दोर ओढणाऱ्या प्रौढ मनुष्यासाठी एकशे सत्तर सेंटिमीटरचे धनुष्य योग्य होते, म्हणून तोड दोन मीटरच्या आसपास असावी.

तोडीचा हंगाम कोणता, याविषयी एक समजूत सार्वत्रिक आहे की हिवाळ्यात झाडातील पाणी उतरते आणि म्हणून त्या वेळचे लाकूड आधीच अर्धे वाळलेले असते. ही समजूत जशीच्या तशी स्वीकारता येत नाही, कारण हिवाळ्यात तोडलेल्या ताज्या लाकडातही पाणी विपुलच असते. तरीही मार्गशीर्ष ते माघ हाच काळ मी श्रेयस्कर मानतो, आणि त्याची कारणे वेगळी आहेत. या दिवसांत हवा थंड असल्यामुळे लाकूड सावकाश सुकते. बुरशीचा आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा जोर कमी असतो. आणि मुख्य म्हणजे पावसाळा येण्यापूर्वी चार-पाच कोरडे महिने हाताशी उरतात. पौषात तोडलेल्या लाकडाला आधी थंडीचा संयम लाभतो आणि मग चैत्र-वैशाखाची धग लाभते; पाण्याला आधी अडवावे आणि मग घालवावे, हे जे वर म्हटले, ते आपल्या देशावरचे ऋतुचक्र कारागिराच्या वतीने जणू आपण होऊनच पार पाडते. ज्येष्ठात तोडलेल्या लाकडाला हे साह्य मिळत नाही, आणि मग सर्वच भार मनुष्याच्या युक्तीवर येऊन पडतो.

आता पाण्याचा स्वभाव समजून घेऊ, कारण त्यावाचून पुढील सूचना निव्वळ हुकमासारख्या वाटतील. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण त्याच्या पूर्ण शुष्क वजनाशी तुलना करून सांगतात. ताज्या तोडीच्या लाकडात ते चाळीस टक्क्यांपासून शंभर टक्क्यांच्याही वर असू शकते. यातील काही पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळे साठलेले असते आणि काही पेशींच्या भित्तींत मुरलेले असते. मोकळे पाणी आधी जाते, आणि ते जात असताना लाकडाच्या आकारात विशेष फरक पडत नाही. परंतु प्रमाण पंचवीस ते तीस टक्क्यांच्या खाली उतरले म्हणजे भित्तींतले पाणी निघू लागते आणि तेथून लाकूड आकसण्यास प्रारंभ होतो. हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते: लांबीत ते नगण्य असते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत मध्यम असते, आणि वार्षिक वलयांच्या परिघाच्या दिशेत त्याच्या साधारण दुप्पट असते. अखंड गोल ओंडका वाळताना गाभ्यापर्यंत उभा चिरतो तो याच कारणाने. परीघ जितका आकसू पाहतो तितका व्यास आकसत नाही, आणि मधली तूट भेगेने भरून निघते. याखेरीज आणखी एक विषमता लक्षात ठेवावयाची आहे. तोडलेल्या टोकांतून, जेथे तंतूंची तोंडे उघडी पडतात, पाणी बाजूंच्या मानाने दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडते; टोक सुकून आकसू लागते, मध्य अद्याप फुगलेलाच असतो, आणि टोकांवर ताऱ्याच्या आकाराच्या चिरा उमटतात.

म्हणून तोड झाल्यावरचे पहिले काम म्हणजे दोन्ही टोके बंद करणे, आणि ते घरी गेल्यावर नव्हे, झाडाखाली उभे असतानाच करावयाचे. त्यासाठी घट्ट तैलरंग, वितळविलेले मेण, लाखेचे दाट द्रावण, सुतारी सरस, यांपैकी जे हाताशी असेल ते चालेल. काहीच नसेल तर खेड्यापाड्यांत ओंडक्यांच्या तोंडांना शेणाचा लेप देण्याची जी वहिवाट आहे ती सर्वस्वी शास्त्रशुद्ध असून, घरी पोहोचेपर्यंतचा बंदोबस्त तिने उत्तम होतो. लेप टोकाच्या चेहऱ्यावर तर द्यावाच, पण बाजूंवरही चार बोटे उतरवावा. उन्हाळी दुपारी घट्ट जातीच्या लाकडावर बारीक केसांसारख्या चिरा पडावयास काही तासही पुरतात, आणि एकदा पडलेली चीर पुढे कोणत्याही उपायाने सांधली जात नाही.

घरी आणलेला सोट गोल अवस्थेत ठेवून द्यावा आणि वर्षभराने त्याकडे पाहावे, असा सल्ला काही अनुभवी सुतारही देतात. इमारती लाकडाच्या बाबतीत, दर इंच जाडीला एक वर्ष हा त्यांचा ठोकताळा सोयीचा असेल. धनुष्याच्या बाबतीत मला तो पटत नाही. वर सांगितलेली परिघाची तूट गोल सोटात कोठे ना कोठे भेग पाडणारच, आणि ती आपल्याला हव्या असलेल्या जागीच पडेल अशी तजवीज निसर्गाने केलेली नाही. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच सोट उभा फोडावा. फोडताना करवत वापरू नये. करवत सरळ रेषेत जाते, तंतू मात्र आपल्या वळणाने जातात, आणि जेथे जेथे करवतीने तंतू छेदला तेथे तेथे धनुष्याच्या पाठीवर चीप उचलली जाण्याची जागा तयार होते. एका टोकावर गाभ्यातून कुऱ्हाडीने रेघ पाडावी, तीत पाचर बसवून मोगरीने ठोकावी, आणि फट पुढे सरकेल तसतशी दुसरी पाचर पहिलीच्या पुढे घालीत जावे. मध्ये अडकलेले तंतू वाकसाने तोडावेत. जाड सोटाचे चार आणि बेताच्या सोटाचे दोन भाग होतात. गाभ्याची बारीक भेंड कोणत्याही भागात शिल्लक ठेवू नये, कारण चिरांचा उगम पुष्कळदा तिच्यापाशीच असतो. इंग्लंडात मोठ्या धनुष्यांची मातबरी होती त्या काळी, बाहेरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी दर टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणलेच पाहिजेत असा निर्बंध १४७२ च्या कायद्याने घालण्यात आला होता; ते दांडे तयार धनुष्ये नसून असेच कच्चे दांडके असत, आणि पुढची घडाई इंग्रज कारागीर करीत.

फोडल्यानंतर साल काढावी की ठेवावी, याचा निर्णय पाठीच्या विचाराने करावा लागतो. धनुष्याची पाठ, म्हणजे नेमबाजाकडे नव्हे तर लक्ष्याकडे असणारी बाजू, ताण सोसते, आणि तिच्यावरचा प्रत्येक तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असावा लागतो. धामणीसारख्या झाडात सालीखालचा पहिला थर हीच तयार पाठ असते; तिला हत्यार लागताच कामा नये. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत सापडलेली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची एल्मची धनुष्येही याच रीतीने, सालीलगतच्या पृष्ठालाच पाठ मानून केलेली आहेत. साल ठेवल्यास लाकूड सावकाश वाळते, हा लाभ आहे. परंतु सालीखाली भुंगेऱ्यांची अंडी असतील तर आतल्या आत नळ्या पोखरल्या जातात आणि आपल्याला भुकटी दिसेपर्यंत पाठ निकामी होते. आपल्या उष्ण हवेत मी साल काढण्याच्याच पक्षाचा आहे, मात्र एका अटीवर: साल निघताच त्याच दिवशी संपूर्ण पाठीला लाखेचा किंवा सरसाचा हात द्यावा. उघडी ओली पाठ दोन दिवस जरी तशीच राहिली तरी तिच्यावर उभ्या चिरा पडतात. पाठ आणि टोके बंद झाली म्हणजे पाण्याला बाहेर पडावयास पोट, म्हणजे पाठीच्या उलटची, नेमबाजाकडची बाजू, आणि दोन कडा एवढाच मार्ग उरतो, आणि आपल्यालाही तेच हवे असते. पोटाकडचे लाकूड पुढे तासून जावयाचे असल्यामुळे तेथे बारीक चीर पडली तरी हानी नाही. साल वाकसाने तासण्याचा प्रयत्न करू नये. ती हाताने सोलावी, आणि जेथे चिकटून बसेल तेथे बोथट लाकडी पात्याने हळूहळू खरवडावी.

यानंतरचे काम ओल्या लाकडाला धनुष्याचा स्थूल आकार देण्याचे, आणि या एका कृतीने वर्षाचा अवधी दोन-तीन महिन्यांवर येतो, कारण पाण्याला कापावयाचे अंतर जाडीवर अवलंबून असते. बाहूंची, म्हणजे मुठीच्या दोन्ही अंगांना वाकणाऱ्या भागांची, रुंदी साधारण पाच-सहा सेंटिमीटर आणि जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर ठेवून पोटाकडून लाकूड काढावे. ओले लाकूड हत्याराखाली लोण्यासारखे कापले जाते, त्यामुळे हे काम वाळलेल्या लाकडावर करण्यापेक्षा निम्म्याहून कमी श्रमात होते, हा त्यातला वेगळा लाभ. मात्र या वेळी अंतिम मापाच्या जवळ जाण्याचा मोह धरू नये. वाळताना दांडा आकसतो, थोडा वाकतो, आणि त्या फरकासाठी लाकूड राखीव असावे लागते. मुठीचा भाग बाहूंपेक्षा जाड राहतो, म्हणजे तो मागाहून वाळतो आणि दोहोंच्या संधीपाशी ओढाताण होऊन चीर पडते. यासाठी मुठीच्या कडांवरही मेण चोळावे किंवा तेथील लाकूड शक्य तितके कमी करून घ्यावे. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: आकार दिलेला ओला दांडा किती वाकतो हे पाहण्यासाठी गुडघ्यावर धरून दाबू नये. ओल्या तंतूंत दाब सोसण्याची शक्ती अत्यल्प असते. त्या एका परीक्षेने पोटाकडचे तंतू चेपले जातात, आणि पुढे लाकूड कितीही उत्तम वाळले तरी चेपलेला तंतू पूर्ववत होत नाही.

आकार दिलेला दांडा एखाद्या सरळ, जाड फळीवर पोट वर करून दर वीतभर अंतरावर दोरीने किंवा क्लॅम्पने जखडावा, आणि फळी व दांडा यांच्यामध्ये बारीक पट्ट्या ठेवून हवेला वाट करून द्यावी. पीळ पडण्याची धास्ती असेल तर दोन दांडे पाठीला पाठ लावून एकत्र बांधावेत. मग हा सर्व संच घरातील सर्वांत थंड, सावलीच्या आणि वारा थेट न लागणाऱ्या जागी ठेवावा. जिन्याखालची जागा किंवा उत्तरेकडची खोली चांगली. पंखा नको, ऊन नको, चूल नको. पहिले दोन-तीन आठवडे येथेच जावेत. विदर्भ-खानदेशाकडे तोड उन्हाळ्यात झालीच, तर दांड्यावर गोणपाट टाकून ठेवावे, कारण तेथील दुपारची हवा एका दिवसात इतके पाणी ओढते की पृष्ठभाग सुकून टणक होतो आणि आतले पाणी कोंडून राहते. कोकणात उलट स्थिती असते; तेथे हवाच दमट असल्याने लाकूड आपोआप सावकाश वाळते, पण बुरशीची काळी-निळी छटा दिसू लागली तर जागा अधिक मोकळी निवडावी.

वाळणे किती झाले हे डोळ्याने किंवा बोटाने कळत नाही. त्याला तराजूच पाहिजे. दांडा जखडण्यापूर्वीच त्याचे वजन करून तारखेसह वहीत नोंदवावे, आणि दर आठवड्याला त्याच वेळी पुन्हा तोलावे. याहून काटेकोर हिशेब हवा असेल तर तोडीच्या दिवशीच दांड्याच्या मधल्या भागातून एक छिलका घेऊन तो ताजा असतानाच तोलावा आणि भट्टीत १०३ अंश उष्णतेवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. समजा, ताजा छिलका ६६ ग्रॅम होता आणि पूर्ण सुकल्यावर ४० ग्रॅम उरला; निघून गेलेले पाणी २६ ग्रॅम, म्हणजे शुष्क वजनाच्या ६५ टक्के. आता दांडा ताजा असताना १८०० ग्रॅम असेल, तर त्याचे शुष्क वजन १८०० ला १.६५ ने भागून सुमारे १०९० ग्रॅम येते, आणि आपल्याला हवा असलेला दहा टक्के ओलावा राहील तेव्हा दांडा १२०० ग्रॅम भरला पाहिजे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्यानंतर अंदाजांना आणि वादांना जागा उरत नाही.

दहा टक्केच का, असा प्रश्न कोणी विचारील. पाणी कमी होत गेले की तंतूंची दाब सोसण्याची शक्ती झपाट्याने वाढते, ताण सोसण्याची शक्ती मात्र फारशी वाढत नाही. त्यामुळे ओले लाकूड पोटाकडे चेपते आणि धनुष्य कायमचे वाकून आपला जोर घालविते, तर अति शुष्क लाकडाचे पोट इतके कणखर होते की सर्व भार पाठीवर पडून ते अकस्मात मोडते. आठ ते दहा टक्के, फार तर बारा, ही या दोन संकटांमधील सुरक्षित जागा होय. भारतीय मानक संस्थेने लाकडातील ओलाव्याची मर्यादा ठरविताना देशाचे हवामानानुसार चार विभाग केले आहेत, यावरूनही हे ध्यानात यावे की एकाच प्रकारच्या लाकडाची कोरडेपणाची पातळी सर्वत्र सारखी राहत नाही. हवेत सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना लाकूड सुमारे नऊ टक्क्यांवर स्थिरावते, ६५ टक्के असताना बारावर, आणि पावसाळ्यातल्या ८५ टक्के आर्द्रतेत सतरा-अठराच्या खाली ते उतरतच नाही, मग त्याला तुम्ही तीन वर्षे टांगून ठेवा. याउलट वैशाखातील नागपूर-जळगावच्या दुपारच्या हवेत तेच लाकूड पाच टक्क्यांकडे झुकते.

वजनाची घट मंदावली, म्हणजे साधारण महिन्याभराने, दुसरा टप्पा सुरू होतो आणि आता आपले धोरण पालटते. दांडा हळूहळू अधिक उबदार जागी न्यावा: प्रथम हवेशीर खोलीत, मग पत्र्याच्या किंवा कौलांच्या खालच्या माळ्यावर. जुन्या घरांतून चुलीवरच्या माळ्यावर नांगराचे इसाड, जू, कुऱ्हाडीचे दांडे ठेवण्याची पद्धत होती. तेथील मंद ऊब आणि धूर या दोहोंचा उपयोग होई, कारण धुराने किडीलाही अटकाव बसतो. चूल नसलेल्या घरात एक लांबट लाकडी खोके करावे, त्यात खाली साठ वॅटचे दोन दिवे लावावेत, दोन्ही टोकांना हवेसाठी लहान भोके ठेवावीत, आणि आत उष्णतामापक टांगून उष्णता चाळीस अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. दिव्यांपासून दांडा पुरेसा दूर असेल आणि खोक्यातील दिवे निर्जन घरात पेटते राहणार नाहीत, याची खातरजमा करावी. या साध्या यंत्राची कर्तबगारी अशी, की बाहेरची हवा २८ अंश उष्ण आणि ८० टक्के आर्द्र असली, तरी तीच हवा चाळीस अंशांवर नेली म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे एकेचाळीस टक्क्यांवर येते, आणि भर आषाढात, मुंबई-रत्नागिरीसारख्या ठिकाणीही, लाकूड हव्या त्या मापापर्यंत वाळविता येते. तीस टक्क्यांहून ओला दांडा मात्र या खोक्यात कदापि घालू नये. ठरविलेले वजन आले की दिवे बंद करून दांडा आठवडाभर घरातल्या सामान्य हवेत राहू द्यावा, म्हणजे आतला आणि बाहेरचा ओलावा समपातळीवर येतो.

आता वेळूविषयी. येथे वलये नाहीत, साल सोलण्याचा प्रश्न नाही, आणि बाहेरची गुळगुळीत त्वचा ही निसर्गाने दिलेली अभेद्य पाठ आहे. तिच्यातून पाणीही जवळजवळ जात नाही आणि तिच्यावर पात्याचा ओरखडाही चालत नाही. खरी निवड वयाची असते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा वेळू हिरवागार आणि मोहक दिसतो, पण वाळताना चिपाडासारखा आत बसतो. तीन ते चार वर्षांचा, त्वचेवर पांढुरके डाग आलेला आणि ठोकल्यास खणखणणारा वेळूच घ्यावा. सातपुड्याकडचा मानवेल आणि सिंधुदुर्गाकडचा माणगा हे दोन्ही जवळजवळ भरीव असल्यामुळे विशेष उपयुक्त आहेत. वेळूचा मुख्य शत्रू चीर नसून घुण आहे, आणि घुण येतो तो त्यातील पिठूळ द्रव्यासाठी. म्हणून पावसाळा संपल्यानंतर, नव्या कोंबांच्या वाढीत ते द्रव्य खर्ची पडून गेल्यावर तोड करणे हिताचे असते. अग्निपुराणात शरदात घेतलेल्या वेळूचे धनुष्य श्रेष्ठ मानले आहे. तोडलेला वेळू तीन-चार आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवण्याची रीतही याच हेतूची असून, ज्यांना ओढा उपलब्ध नाही त्यांनी टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात फोडलेल्या पट्ट्या भिजवाव्यात. खाजगी जमिनीवरील वेळूची तोड २०१७ च्या वनकायद्यातील दुरुस्तीनंतर पुष्कळ सुकर झाली आहे. सामान्य शेतकऱ्याच्या बांधावरचे बेट आता या कामाला निःसंकोच वापरता येते.

अखंड पोकळ वेळू वाळविला तर तो पेरापेरांत फुटतो, म्हणून त्याच्याही उभ्या फाका कराव्यात, आतले पडदे कापून टाकावेत, आणि त्या फाका सावलीत उभ्या टेकवून ठेवाव्यात, जाड टोक खाली. पाणी आतल्या बाजूने निघत असल्यामुळे फाक आतल्या अंगाला थोडी वळते. दोन फाका त्वचेला त्वचा लावून बांधल्या की हा दोष आवरतो. लाकडाच्या मानाने वेळू लवकर वाळतो, आणि सहा-आठ आठवड्यांत वजन स्थिरावते. भिल्लांच्या कामठ्याचा दोरदेखील कित्येकदा वेळूच्याच सालीच्या चिवट पट्टीचा असतो. ती पट्टीही अशीच सावलीत सुकवावी लागते, उन्हात ती ठिसूळ होते.

दांडा तयार झाला याची शेवटची खूण वजनच होय. तथापि त्याला दुजोरा देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. रंध्याने काढलेला छिलका बोटात दुमडला तर तो वाकून न राहता टचकन तुटावा, आणि दांडा मध्यावर हलकेच धरून पाचरीने ठोकला तर बद्द आवाज न येता स्वच्छ नाद यावा. किरकोळ वाक किंवा पीळ राहिला असेल तर तो याच वेळी, अखेरची घडाई सुरू होण्यापूर्वी, त्या जागेला तेल चोळून निखाऱ्यांची सावकाश धग देऊन आणि फळीवर जखडून काढावा. धग दिलेल्या जागेचे पाणी अधिक उडालेले असते, म्हणून नंतर चार-पाच दिवस तिला वाकवू नये. घडाईच्या दिवसांत मध्येच पाऊस लागला, तर काम थांबवून दांडा पुन्हा तोलावा, आणि पाऊस लागण्यापूर्वीच्या वजनापेक्षा पन्नास-साठ ग्रॅमने जरी तो वाढला असेल तरी त्याला परत खोक्यात किंवा माळ्यावर पाठवून मूळ वजनावर आल्यानंतरच दोर चढवावा.